अपस्माराचे औषध बदलताना कुटुंबाने घ्यावयाची काळजी

गोव्याच्या उत्तर टोकास, तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, पेडणे तालुक्यातील केरी हे गाव वसले आहे. नदीच्या पैलतीरी तेरेखोलचा किल्ला आणि त्यापलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी गाव. या परिसरातील रुग्णास मेंदूच्या विकारांवरील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयाचा झाल्यास हरमल, मांद्रे या वाटेने निघून, शापोरा व मांडवी या दोन नद्या ओलांडून, बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे लागते. रुग्णाबरोबर घरातील एका माणसाचा दिवस मोडतो व त्या दिवसाची मजुरी बुडते. एवढ्या खटाटोपानंतर हाती पडलेल्या चिठ्ठीवर ओळखीच्या गोळीऐवजी दुसऱ्याच गोळीचे नाव असले, म्हणजे कुटुंबाच्या मनात शंकांचे काहूर माजते.

उदाहरणादाखल असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील कर्ता पुरुष दहा वर्षे फेनिटॉइनची गोळी घेत आहे. अलीकडे त्याच्या हिरड्या सुजू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, म्हणून डॉक्टरांनी लेव्हेटिरासेटाम हे नवे औषध सुरू केले आणि जुनी गोळी टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले. घरी आल्यावर एकाच आजारावर दोन-दोन गोळ्या कशाला, असा विचार करून घरच्यांनी जुनी गोळी त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी काढताना त्यास झटका आला. शेजाऱ्यांनी वेळीच सावरले म्हणून अनर्थ टळला, पण दोष मात्र नव्या गोळीच्या माथी मारला गेला. वस्तुतः हा झटका जुनी गोळी एकाएकी तोडल्यामुळे आलेला असण्याचाच संभव अधिक.

औषध बदलण्याचा काळ हा अपस्माराच्या उपचारातील अतिशय नाजूक काळ होय. या काळात डॉक्टर रुग्णाजवळ नसतात, कुटुंब असते. यास्तव या बदलामागील कारणे व त्याची रीत कुटुंबातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

रोगाचे स्वरूप

अपस्मारास आपल्याकडे फेफरे, मिरगी, आकडी, फिट अशी निरनिराळी नावे आहेत. स्मृतीचा लोप होणे या लक्षणावरून आयुर्वेदाने त्यास अपस्मार म्हटले. चरकसंहितेत त्याचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार वर्णिले आहेत. आधुनिक वैद्यकानुसार मेंदूतील पेशींमधून एकाच वेळी अनियंत्रित विद्युत्प्रवाह उसळल्याने झटका येतो. जन्माच्या वेळी मेंदूस झालेली इजा, डोक्यास मार, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतील गाठ, तसेच माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या वराह-पट्टकृमीच्या अंड्यांनी दूषित झालेल्या भाज्या वा पाणी यांवाटे शरीरात शिरणारा कृमी, अशी त्याची अनेक कारणे आहेत. पुष्कळदा निश्चित कारण सापडत नाही. हा रोग संसर्गजन्य नाही आणि कोणाच्या बाधेमुळेही होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान व नियमित औषध मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. औषध रोगाचे मूळ उपटून काढत नाही. ते मेंदूतील विद्युत्प्रवाहास आवर घालते. रक्तात औषधाचे प्रमाण पुरेसे असेतोवरच हा आवर टिकतो. एवढी एक गोष्ट नीट समजली, की पुढील सर्व सूचनांचा अर्थ आपोआप उलगडतो.

औषध का बदलावे लागते?

अपस्मारावरील पहिले परिणामकारक औषध ब्रोमाइड हे १८५७ साली वापरात आले. १९१२ साली जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटोनचा उपयोग आढळला. १९३८ साली अमेरिकेतील मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटाम अशी औषधे क्रमाक्रमाने उपलब्ध झाली. जुनी औषधे आजही उपयुक्त आहेत. कर्नाटकातील येळंदूर भागात डॉ. के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण रुग्णांवर फेनोबार्बिटोन व फेनिटॉइन या स्वस्त औषधांनीच उपचार केले. अशा साध्या औषधांनी खेड्यातही अपस्मार आटोक्यात ठेवता येतो, असा त्यांचा अनुभव २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मग औषध बदलण्याचे कारण काय? पहिले कारण म्हणजे औषधाने झटके न थांबणे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ५२५ रुग्णांचा अभ्यास झाला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातील नव्याने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्ण पहिल्याच औषधाने झटकामुक्त झाले. आणखी १३ टक्क्यांना दुसऱ्या औषधाने गुण आला. म्हणजे पहिले औषध लागू न पडणे ही काही विपरीत गोष्ट नव्हे. परंतु दोन औषधे योग्य मात्रेत व नियमित घेऊनही झटके थांबत नसतील, तर मोठ्या रुग्णालयात संपूर्ण तपासणी करून घ्यावी. अशा काही रुग्णांना शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो.

दुसरे कारण म्हणजे औषधाचा त्रास. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात. मात्रा किंचित अधिक झाली तरी तोल जातो, डोळे थरथरतात. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते व मुलांचे अभ्यासातील लक्ष उडते. व्हॅल्प्रोएटने काहींचे वजन वाढते, केस गळतात, हात कापतात. लेव्हेटिरासेटामने काही रुग्ण चिडखोर वा उदास होतात.

तिसरे कारण म्हणजे झटक्याच्या प्रकाराचे निदान बदलणे. कार्बामाझेपिन व फेनिटॉइन ही औषधे एका प्रकारच्या झटक्यांवर उत्तम, पण क्षणभर भान हरपणाऱ्या किंवा सकाळी हातापायांस दचके बसणाऱ्या प्रकारात तीच औषधे त्रास वाढवू शकतात. चौथे कारण म्हणजे रुग्णाच्या आयुष्यातील बदल: विवाह, गर्भारपण, वार्धक्य किंवा क्षयासारखा दुसरा आजार.

बदल कसा घडतो?

नवी गोळी पोटात गेली की त्याच दिवसापासून संरक्षण मिळते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडते, यावर रक्तातील त्याची पातळी स्थिर होण्यास लागणारा काळ अवलंबून असतो. लेव्हेटिरासेटाम काही तासांतच निम्मे होते. म्हणून ते साधारणतः दिवसातून दोनदा घ्यावे लागते व त्याची पातळी लवकर स्थिरावते. फेनोबार्बिटोन निम्मे होण्यास सुमारे चार दिवस लागतात. त्यामुळे त्याची पातळी स्थिर होण्यास दोन-तीन आठवडे जातात. लॅमोट्रिजिन तर काही आठवड्यांच्या कालावधीत अगदी सावकाश वाढवावे लागते, कारण घाईने वाढविल्यास अंगावर घातक पुरळ उठण्याचा धोका असतो. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शरीर ते अधिकाधिक वेगाने बाहेर टाकू लागते. म्हणून आरंभीची मात्रा पुढे अपुरी पडते.

या कारणांमुळे डॉक्टर सामान्यतः नवे औषध आधी वाढवितात, ते आवश्यक पातळीस पोहोचले की मगच जुने कमी करतात. काही आठवडे दोन्ही औषधे एकत्र चालतात. या काळात थोडी सुस्ती, घेरी वा मळमळ जाणवू शकते. पायरीवरून उतरताना आपण एक पाय खालच्या पायरीवर टेकल्यावाचून दुसरा उचलत नाही, तसाच हा प्रकार आहे. जुने औषध एकदम तोडल्यास झटक्यामागून झटके येऊन रुग्ण शुद्धीवरच न येण्याची अवस्था उद्भवू शकते. तीत जीवास धोका असतो. विशेषतः फेनोबार्बिटोन व क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली अत्यंत सावकाश कमी करावी लागतात.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोंडी सांगितलेले अर्धे वाटेतच विसरले जाते. म्हणून बदलाचा तक्ता कागदावर लिहून घ्यावा: कोणत्या आठवड्यात कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, सकाळी किती व रात्री किती. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी गोळीचे रिकामे पाकीट त्या त्या रकान्यात चिकटवावे किंवा सूर्य व चंद्र काढून सकाळ-रात्र दाखवावी. पुढील चार गोष्टी विचारल्यावाचून उठू नये: मध्येच झटका आला तर काय करावे, एखादी मात्रा चुकली तर काय करावे, कोणता त्रास झाल्यास ताबडतोब परत यावे, आणि पुढील भेट केव्हा. एवढे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

गोळ्या संपत येईपर्यंत थांबू नये. वादळी पावसात फेरीबोट थांबते, रस्त्यावर झाडे पडतात, चवथीच्या दिवसांत दुकाने बंद राहतात. निदान दोन आठवड्यांचा साठा घरी शिल्लक असावा व तो दमट हवेपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावा.

घरच्यांनी काय पाहावे?

बदल सुरू झाल्यापासून पहिले दोन-तीन महिने घरात एक वही ठेवावी. तीत तारीख, झटक्याची वेळ, तो किती मिनिटे टिकला, कोणत्या अंगापासून सुरू झाला, आदल्या रात्री झोप झाली होती काय, मात्रा चुकली होती काय, ताप होता काय, याची नोंद करावी. शक्य असल्यास भ्रमणध्वनीवर झटक्याचे चित्रण करावे. निदानास त्याची मोठी मदत होते. झटके येत नसले तरी भूक, झोप, स्वभाव, चालणे यांतील फरक टिपावेत. चार महिन्यांपूर्वी कधीतरी दोनदा आली असावी, अशा मोघम माहितीपेक्षा वहीतील चार ओळींवरून डॉक्टरांना निर्णय घेणे कितीतरी सोपे जाते.

अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे किंवा कातडी सुटणे ही लक्षणे असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. रुग्ण अकारण उदास राहू लागला किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा बोलू लागला, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष न मानता औषधाचा परिणाम असू शकतो हे ध्यानी घेऊन डॉक्टरांना कळवावे. सतत उलट्या, कावीळ, अतिशय गुंगी ही लक्षणेही दुर्लक्षिण्यासारखी नाहीत.

चुकलेली मात्रा आठवताच घ्यावी. मात्र पुढील मात्रेची वेळ जवळ आली असल्यास दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यावी. जागरणाने झटका येण्याची शक्यता वाढते. दशावतारी नाटक, शिगमा, जत्रा ही पेडणे भागाची हौस आहे. परंतु औषध बदलण्याच्या काळात रुग्णाने रात्रभर जागू नये. मद्यपानही कटाक्षाने टाळावे. याच काळात एकट्याने विहिरीवर, नदीत वा समुद्रात उतरणे, माडावर चढणे, उघड्या चुलीपुढे एकटे बसणे आणि वाहन चालविणे वर्ज्य समजावे. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी द्यावयाच्या स्वघोषणेत अपस्माराविषयी स्पष्ट प्रश्न विचारलेला असतो. तेथे खोटे उत्तर देणे म्हणजे स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालणे होय.

दुसरी औषधे आणि दुसऱ्या कंपनीची गोळी

अपस्माराची औषधे इतर औषधांशी सहज गुंतागुंत करतात. क्षयावरील रिफाम्पिसिनने फेनिटॉइनची पातळी घटते, तर आयसोनियाझिडने ती वाढते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने कार्बामाझेपिन रक्तात साचते. सिप्रोफ्लॉक्सासिनने झटक्याची शक्यता वाढू शकते. आम्लपित्तावरील औषधे फेनिटॉइनबरोबरच घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. म्हणून ताप, जुलाब वा दातदुखीसाठी गेल्यावरही अपस्माराची चिठ्ठी बरोबर न्यावी. झाडपाल्याची औषधे घ्यावयाची असल्यास तीही डॉक्टरांपासून लपवू नयेत.

एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. मूळ नावाने मिळणारी स्वस्त औषधे सर्वसाधारणपणे तितकीच गुणकारी असतात व गरीब कुटुंबास त्यांचाच आधार आहे. तथापि दर महिन्यास कंपनी बदलू नये, आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या जागी साधी गोळी परस्पर घेऊ नये. याविषयी ऑस्ट्रेलियातील एक घटना बोधप्रद आहे. १९६८च्या सुमारास तेथील उत्पादकाने फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरणद्रव्य बदलले. कॅल्शियम सल्फेटऐवजी दुग्धशर्करा वापरली. औषधाची मात्रा तीच होती. पण ते पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात शोषले गेल्याने ब्रिस्बेन येथील अनेक रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणे दिसू लागली. रक्ताची तपासणी व शोध यांअंती कारण सापडले. आज औषधांच्या तपासणीचे नियम पुष्कळ कडक झाले आहेत. तरीही गोळीचा रंग वा आकार बदललेला दिसल्यास पाकिटावरील मूळ नाव व मिलिग्रॅम ताडून पाहावेत आणि औषध विक्रेत्यास खुलासा विचारावा.

स्त्रियांसाठी विशेष सूचना

गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे दहांपैकी एका बालकात जन्मजात व्यंग आढळते आणि सुमारे ३० ते ४० टक्के बालकांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. म्हणून मूल होण्याच्या वयातील मुली व स्त्रिया यांच्यासाठी शक्य तेथे दुसरे औषध निवडले जाते. हा बदल गर्भधारणेच्या आधी, विचारपूर्वक व्हावयास हवा. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी बंद करणे हे आई व गर्भ दोहोंसही घातक ठरू शकते. औषध चालू ठेवून तत्काळ डॉक्टरांस भेटावे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन व फेनोबार्बिटोन यांमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, तर या गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिनची पातळी घटते. हे आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेने विवाहित स्त्रीस समजावून सांगितले पाहिजे.

लग्नाच्या वेळी मुलीचा आजार लपविला जातो, आणि सासरी तो कळू नये म्हणून ती गोळ्याच घेत नाही, हे दुःखद चित्र अद्याप पुसले गेलेले नाही. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत १९७६च्या दुरुस्तीने आलेला अपस्माराचा उल्लेख १९९९च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायद्याने जो कलंक पुसला, तो समाजाने जपून ठेवू नये.

शाळेत

औषध बदलल्यास पालकांनी वर्गशिक्षकांस त्याची कल्पना द्यावी. पूर्वी चुणचुणीत असलेले मूल वर्गात पेंगू लागले किंवा विनाकारण भांडू लागले, तर त्यास शिक्षा करण्यापूर्वी औषधाचा विचार व्हावा व पालकांस कळवावे. काही मुले बोलता-बोलता दहा-वीस सेकंद शून्यात पाहतात व पुन्हा पूर्ववत होतात. हाही झटक्याचाच एक प्रकार असू शकतो आणि पुष्कळदा तो प्रथम शिक्षकांच्याच नजरेस येतो. अपस्मार असलेल्या मुलास शाळेतून काढणे किंवा खेळांपासून सरसकट दूर ठेवणे अन्यायाचे आहे.

झटका आल्यास शिक्षकांनी व सर्वांनीच शांतपणे रुग्णास एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात व घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा वा पाणी घालू नये. कांदा, चप्पल वा किल्ल्यांचा जुडगा यांचा काही उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास, लागोपाठ दुसरा आल्यास, किंवा तो पाण्यात आलेला असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांना वारंवार लांबणारे झटके येतात अशांसाठी नाकात फवारावयाचे मिडाझोलाम घरी ठेवण्यास डॉक्टर सांगतात. त्याचा वापर घरातील निदान दोघांनी शिकून घ्यावा.

औषध कधी थांबवावे?

झटके थांबले की रोग गेला, असे वाटणे स्वाभाविक आहे. ब्रिटनमध्ये निदान दोन वर्षे झटकामुक्त असलेल्या १,०१३ रुग्णांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के, तर सावकाश बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण पुढील दोन वर्षे झटकामुक्त राहिले. म्हणजे अनेकांचे औषध सुटू शकते, पण धोका उरतोच. कोणाचे सोडावे व कोणाचे नाही, हे रोगाचा प्रकार व तपासण्या पाहून डॉक्टर, रुग्ण व कुटुंब यांनी मिळून ठरवावयाचे असते. परस्पर प्रयोग करण्याचा हा विषय नव्हे.

गावाचे साहाय्य

घरातील एका माणसाचे औषध बदलते तेव्हा त्याचा भार बहुधा एका स्त्रीवर, आईवर वा पत्नीवर पडतो. गोळ्या मोजणे, रात्री जागून लक्ष ठेवणे, वही लिहिणे हे सारे तिने एकटीने का करावे? हे काम घरात वाटून घ्यावे. तिची झोप व प्रकृती ढासळली तर रुग्णाचीही आबाळ होते. पंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका, स्वयंसहाय्य गट यांनी अशा घराची विचारपूस करावी. रुग्णास तपासणीच्या दिवशी रजा नाकारली जाणार नाही, तसेच बदलाच्या काळात त्यास यंत्रावर वा उंचावर काम दिले जाणार नाही, एवढे कार्यालयप्रमुखांनी पाहावे. राष्ट्रीय अपस्मार दिन दरवर्षी १७ नोव्हेंबर रोजी पाळला जातो. त्या निमित्ताने शाळेत वा मंदिराच्या प्रांगणात प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक सहज योजता येईल.

ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत या भागात पूर्वापार चालत आली आहे. संकटात मनाला त्यापासून धीर मिळतो, आणि तो धीर कोणी हिरावून घेऊ नये. मात्र देवळातून घरी परतल्यावर संध्याकाळची गोळी ठरल्या वेळी रुग्णाच्या हाती ठेवावी, वहीत खूण करावी, आणि पुढच्या भेटीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत आहे की नाही हे पुन्हा एकदा पाहून घ्यावे.